पॅनेल तेच, मग भाव वेगळा का?

मेसमध्ये ताटावर बसलं की वाद हा होणारच! परवा विषय निघाला सोलरचा. आमच्या मजल्यावरच्या एकाचा भाऊ अमेरिकेत असतो. त्याने घरावर सोलर बसवायचं कोटेशन मागवलं आणि आकडा ऐकून गप्पच बसला. इकडे माझ्या मामांनी गावच्या घरावर तीन किलोवॉटचा संच बसवून घेतला, तोही कर्ज न काढता. "सोपं आहे रे, तिकडे मजुरी महाग!" असं म्हणून एकाने विषय संपवला आणि आणखी एक पोळी वाढून घेतली. मला मात्र ते उत्तर काही पचलं नाही.

आधी आकडे पाहू. आपल्याकडे २०२४ साली 'पीएम सूर्यघर' योजना आली. तिने पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ५०,००० आणि तिसऱ्याला ४५,००० रुपये खर्च धरला आहे. म्हणजे मामांच्या संचाला १,४५,००० रुपये, आणि त्यात ७८,००० रुपये अनुदान. अमेरिकेत घरगुती संचाला वॉटमागे अडीच ते तीन डॉलर पडतात. तीन किलोवॉटचे रुपयात मोजा, सहा लाखांच्या वरच जातात!

आता पॅनेलचं बघा. २०२४ साली चीनच्या कारखान्याच्या दारात वॉटमागे दहा-बारा सेंट हा भाव होता. अमेरिकेने आयात पॅनेलवर कर लावलेत हे खरं, पण आपणही एप्रिल २०२२ पासून ४० टक्के सीमाशुल्क लावलं होतं. शिवाय अनुदान हवं असेल तर सेलसुद्धा देशी लागतात आणि ते महाग पडतात. थोडक्यात काय, अमेरिकेत उद्या कुणी पॅनेल फुकट दिलं तरी दोन डॉलरचा खर्च शिल्लक राहीलच. तो जातो कुठे?

याचं उत्तर जर्मनीत सापडतं. तिथे मजुरी काही स्वस्त नाही. तरीही लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने २०११ सालच्या किमतींची तुलना केली, तेव्हा अमेरिकेत वॉटमागे सहा डॉलरच्या वर आणि जर्मनीत तीन डॉलर असा हिशोब निघाला. एक संच बसवायला अमेरिकेत सुमारे ७५ मनुष्य-तास लागत होते, जर्मनीत ३९. गिऱ्हाईक मिळवायचा खर्च अमेरिकेत वॉटमागे ६९ सेंट, जर्मनीत ७! जर्मनीत शेजाऱ्याच्या छपरावर बघून लोक स्वतःच विचारायला यायचे. परवान्याची फी नाही, कागदपत्रं मोजकी. अमेरिकेत मात्र हजारो नगरपालिका, प्रत्येकीचा नियम वेगळा, ड्रॉइंग वेगळं, तपासणीची तारीख वेगळी. हा घोळ कमी करायला २०२१ मध्ये तिथे 'सोलरअ‍ॅप प्लस' नावाची ऑनलाइन परवाना पद्धत निघाली. म्हणजे दुखणं कुठे आहे ते त्यांनाही कळलंय!

ऑस्ट्रेलियातही मजुरी भरपूर, पण २०२४ अखेर चाळीस लाखांहून जास्त छपरांवर सोलर. तिथे सवलत बसवणारा बिलातूनच वजा करतो, गिऱ्हाइकाला खेटे घालावे लागत नाहीत. आपल्याकडेही २०२४ च्या नियमांनी दहा किलोवॉटपर्यंत तांत्रिक तपासणीची अट काढली, हे चांगलंच झालं.

मग आपण स्वस्त, म्हणजे आपण हुशार का? इथेच मला थोडं टोचतं. मामांच्या गच्चीवर स्ट्रक्चर उंच केलं होतं, खाली पापड वाळत घालता यावेत म्हणून. त्या पाइपांवर दोन पोरं चपला काढून चढली. कमरेला पट्टा नाही की दोरी नाही. अर्थिंगचा खड्डा किती खोल घेतला, हे मी विचारल्यावर फिटर हसला. "इंजिनिअर दिसताय!" एवढंच म्हणाला.

माझं म्हणणं एवढंच. स्वस्ताई दोन प्रकारची असते. एक कागद आणि फेऱ्या कमी करून येते, ती जर्मनीची. दुसरी पट्टा आणि अर्थिंग वगळून येते. तिचं बिल नंतर येतं, आणि ते भरतो वर चढलेला पोरगा नाहीतर त्या घरातली माणसं. पहिली जितकी आणता येईल तितकी आणा, पण दुसरीला 'आपल्याकडे चालतं' म्हणू नका.

आणि मित्रांनो, आपल्या प्रोजेक्टचं काय? दरवर्षी सबमिशनला सोलरचे चार-पाच विषय असतात आणि सगळ्यांचा जीव सेलच्या कार्यक्षमतेत अडकलेला. एक संच बसवायला किती तास लागतात, कुठला तास वाया जातो, पट्टा बांधून काम केलं तर खर्च किती वाढतो, हे गच्चीवर उभं राहून मोजायला कुणी जात नाही. सर, असा विषय आणला तर व्हायव्हात "यात इंजिनिअरिंग कुठे आहे?" असं कृपया विचारू नका. वरचा हिशोब बघितलात ना? पैसा सगळा तिथेच आहे... आणि माणसाचा जीवही.

— तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी