जिवंतपणी पाळलेलं सुतक

प्लेस्टेशन ३, एक्सबॉक्स ३६० आणि निन्टेन्डो वी या कन्सोलांच्या पिढीत, म्हणजे २००५ च्या अखेरीपासून २०१३ पर्यंत, जपानी रोल-प्लेइंग गेम संपला, असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. ज्यांनी तो काळ खेळून काढला त्यांच्या तोंडी हे वाक्य आहे, आणि ज्यांनी त्यातले चार गेमही हाताळले नाहीत त्यांच्याही. हा निवाडा नुसता कठोर असता तर माझी हरकत नव्हती. पण तो पुरावा न तपासता दिलेला आहे, आणि त्यापायी त्या आठ वर्षांतलं फार मोलाचं काम विस्मरणात चाललं आहे.

आधी पूर्वपक्ष मांडतो, कारण तो पोकळ नाही. प्लेस्टेशन २ च्या काळात हा प्रकार ऐन भरात होता. पंधरा कोटींहून जास्त विकल्या गेलेल्या त्या यंत्रावर ‘फायनल फँटसी’चा दहावा आणि बारावा भाग आला, ‘ड्रॅगन क्वेस्ट’चा आठवा आला, ‘पर्सोना’चा तिसरा आला. मग हाय डेफिनिशनचं युग सुरू झालं आणि मोठमोठी घराणी डळमळली. स्क्वेअर एनिक्सने २००६ साली जाहीर केलेला ‘फायनल फँटसी १३’ जपानमध्ये डिसेंबर २००९ मध्ये दुकानात पोचला. आला तोही असा, की दहा प्रकरणं खेळाडूने जवळजवळ एकाच बोळातून पुढे चालत राहायचं आणि अकराव्या प्रकरणात कुठे मोकळं मैदान दिसायचं. त्याच्याबरोबर जाहीर झालेला ‘व्हर्सस १३’ त्या पिढीत आलाच नाही. नाव बदलून ‘फायनल फँटसी १५’ म्हणून तो २०१६ मध्ये उगवला. २०१० चा ऑनलाइन ‘फायनल फँटसी १४’ इतका फसला, की कंपनीला तो मोडून नाओकी योशिदा यांच्या हाताखाली नव्याने उभारावा लागला. याच वर्षांत पश्चिमेकडून ‘ऑब्लिव्हियन’, ‘मास इफेक्ट’, ‘फॉलआउट ३’ आणि ‘स्कायरिम’ आले. बायोवेअरचे सहसंस्थापक ग्रेग झेशुक यांनी जपानी रोल-प्लेइंग गेमची वाढ खुंटल्याची टीका केली. कॅपकॉमचे केजी इनाफुने यांनी तर टोकियो गेम शोमध्येच जपानचा गेमधंदा संपला अशा आशयाचे उद्गार काढले.

यातला एकही तपशील मी नाकारत नाही. ‘१३’च्या बोळाचं समर्थनही करणार नाही. मी नाकारतो ते या तपशिलांवरून काढलेलं अनुमान.

पहिली चूक पाहणाऱ्याच्या नजरेची आहे. त्याने दिवाणखान्यातला टीव्ही पाहिला आणि घर रिकामं आहे असं ठरवलं. जपानमध्ये एक्सबॉक्स ३६० जेमतेम सोळा लाखांच्या आसपास विकला गेला. त्याच देशात निन्टेन्डो डीएसचा आकडा सव्वातीन कोटींच्या घरात गेला. या प्रकाराचा मूळ खेळाडूवर्ग म्हणावा तो असा लोकलमध्ये, शाळेच्या सुट्टीत, अंथरुणात पडून हातातलं यंत्र खेळत होता, आणि जपानी कंपन्यांनी आपले मोहरे तिथेच नेले. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ ही तिथली सगळ्यात लाडकी मालिका. तिचा नववा भाग जुलै २००९ मध्ये टीव्हीच्या कन्सोलवर आलाच नाही, डीएसवर आला, आणि एकट्या जपानमध्ये चाळीस लाखांहून अधिक विकला गेला. मृत्यूची बातमी ज्या वर्षी सगळ्यात मोठ्याने सांगितली जात होती, त्याच वर्षीची ही गोष्ट.

त्या नवव्या भागातली एक सोय मुद्दाम सांगण्यासारखी आहे. यंत्र मिटून पिशवीत टाकायचं आणि रस्त्याला लागायचं. वाटेत ज्याच्या पिशवीत तसंच यंत्र असेल, त्याचा नायक आपोआप तुमच्या गेममधल्या खानावळीत पाहुणा म्हणून उतरतो आणि येताना आपल्याजवळचा एखादा खजिन्याचा नकाशा घेऊन येतो. एका अनोळखी खेळाडूला असा एक नकाशा सापडला, की ज्याच्या भुयारातल्या एका मजल्यावर फक्त ‘मेटल किंग स्लाइम’ भेटतात. हा प्राणी एरवी क्वचित दिसतो, दिसला तर पळतो, पण हाती लागला तर अनुभवाचे गुण ढिगाने देतो. तो नकाशा मिळावा म्हणून टोकियोच्या अकिहाबारा भागात लोक मिटलेली यंत्रं घेऊन नुसते उभे राहू लागले, आणि पिशवीतून पिशवीत फिरत तो देशभर पोचला. जुन्या वळणाच्या, आळीपाळीने डाव खेळण्याच्या लढाया असलेल्या गेमने शहराच्या गर्दीचाच खेळ करून दाखवला. याला वाढ खुंटणं म्हणत असतील, तर वाढ कशाला म्हणायचं हे टीकाकारांनी सांगावं.

डीएसवर एवढंच नव्हतं. ॲटलसच्या ‘एट्रियन ओडिसी’त भुयाराचा नकाशा गेम काढून देत नाही, खालच्या पडद्यावर लेखणीने तो तुम्ही स्वतः काढायचा, भिंत चुकली तर तुमची चूक. ‘द वर्ल्ड एंड्स विथ यू’ने शिबुयाचे रस्ते, तिथली फॅशन आणि तिथलं संगीत घेऊन दोन पडद्यांवर एकाच वेळी चालणारी लढाई रचली. सोनीच्या पीएसपी या हातातल्या यंत्रावर ‘टॅक्टिक्स ओगर’ नव्याने घडवला गेला.

आता टीव्हीवरच्या पडझडीचं कारण पाहू. लेखक आटले, कल्पना शिळ्या झाल्या, असं निदान केलं जातं. खरं दुखणं कारखान्यात होतं. पूर्वी चित्रकाराने रंगवलेल्या पार्श्वभूमीवर नायक चालायचा. एक गाव उभं करायला मोजकी माणसं पुरत. हाय डेफिनिशनमध्ये त्या गावातलं प्रत्येक दार, प्रत्येक मडकं, त्यावर पडणारा उजेड वेगळा घडवावा लागतो. शहरांमागून शहरं, विमानं, समुद्र आणि अख्खं जग हाच ज्या प्रकाराचा संसार, त्याला हा खर्च सगळ्यात आधी झोंबला. ‘१३’मध्ये हिंडण्याजोगी गावं जवळपास उरलीच नाहीत ती त्यामुळे. त्यातच स्क्वेअर एनिक्सने सगळ्या प्रकल्पांना पुरेल असं एक सामाईक इंजिन बांधायला घेतलं आणि गेम त्या इंजिनाची वाट पाहत बसला. गेम नेमका कसा असावा याबद्दल चमूत बराच उशिरापर्यंत एकवाक्यता नव्हती, आणि २००९ चा खेळता येणारा नमुना तयार करतानाच ती झाली, हे त्यांनी स्वतःच नंतर लिहून कबूल केलं आहे. कोसळली ती एक निर्मितीपद्धत: सगळं घरात करायचं, सगळं भव्य करायचं, आणि आराखडा मागाहून ठरवायचा.

यावर त्या काळी सुचवला गेलेला उपाय आणखी घातक होता. पश्चिमेसारखं करा, बंदुका घ्या, डाव सोडा. ‘फ्रंट मिशन’ या डावपेचांच्या मालिकेवर हा प्रयोग झाला. २०१० मध्ये ती एका अमेरिकी चमूकडे देऊन तिचा सरळसोट नेमबाजीचा गेम करण्यात आला. जुन्या चाहत्यांना त्यात आपली मालिका सापडली नाही, आणि नेमबाजीच्या चाहत्यांकडे त्याहून चांगले गेम आधीच होते.

याउलट फेब्रुवारी २००९ मध्ये फ्रॉम सॉफ्टवेअरने हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली ‘डीमन्स सोल्स’ आणला. तो कुणी मागितलेला नव्हता. सोनीने त्यात पैसा घातला होता, तरी जपानबाहेर अमेरिकेत तो स्वतः विकायचं धाडस केलं नाही. तिथे ते काम ॲटलसने केलं. मेलात की कमावलेलं सगळं जागेवर सांडतं, आणि ते परत मिळवायला त्याच वाटेने, त्याच शत्रूंमधून जावं लागतं. वाटेत जमिनीवर अनोळखी खेळाडूंनी लिहून ठेवलेल्या सूचना भेटतात. काही जीव वाचवतात, काही दरीत ढकलतात. २०११ मध्ये ‘डार्क सोल्स’ आला, २०२२ मध्ये ‘एल्डन रिंग’. जगभरच्या गेमकारांनी गेल्या दशकात ज्याची सर्वाधिक नक्कल केली, तो साचा या तथाकथित दुष्काळात पडला.

इथे प्रतिपक्ष लगेच म्हणतो, की ‘डीमन्स सोल्स’ हा जपानी रोल-प्लेइंग गेम नव्हेच. मला वाटतं, सगळ्या वादाची गाठ इथे आहे. लेव्हल, गुणांक, शस्त्रास्त्रं, जादू, सगळं असलेला, १९९४ च्या ‘किंग्ज फील्ड’पासूनच्या जपानी परंपरेतून आलेला हा गेम. तो बदललेला आहे म्हणून बाहेर काढायचा. आणि जे बदललेले नाहीत तेवढेच आत ठेवून, हा प्रकार बदलत नाही असं सिद्ध करायचं. ‘डीमन्स सोल्स’ला काढलं की ‘व्हॅल्किरिया क्रॉनिकल्स’लाही काढता येतं, कारण त्यात आळीपाळीने खेळायचे डावपेच आणि समोरून येणाऱ्या गोळ्या एकत्र आहेत. मग ‘झेनोब्लेड’ काढायचा, कारण त्याचं जग मोकळं आहे. वाढलेली प्रत्येक फांदी छाटून झाड खुरटं आहे म्हणणारा हा युक्तिवाद एकदा मान्य केला, तर कुठलीही कला कधीही मेलेली दाखवता येईल.

‘झेनोब्लेड’चा इतिहास तर आणखी बोलका आहे. तेत्सुया ताकाहाशी यांच्या मोनोलिथ सॉफ्टने दोन अजस्र देहांवर, एकमेकांशी झुंजता झुंजता थिजलेल्या दोन महाकायांच्या अंगाखांद्यांवर, अख्खं जग वसवलं. गुडघ्यावरच्या कुरणात उभं राहून वर पाहिलं की ढगांच्या फटीतून त्याच देहाचा वरचा भाग दिसतो, आणि काही तासांनी तुम्ही खरोखर तिथे चढून जाता. हे सगळं वीसारख्या त्या पिढीतल्या सगळ्यात दुबळ्या यंत्रावर. जून २०१० मध्ये तो जपानमध्ये आला, पुढल्या वर्षी युरोपात. अमेरिकेत मात्र निन्टेन्डो तो आणायलाच तयार नव्हती. ‘ऑपरेशन रेनफॉल’ या नावाने चाहत्यांनी मोहीम चालवली, तेव्हा एप्रिल २०१२ मध्ये तो तिथल्या दुकानांत पोचला. ‘टेल्स ऑफ व्हेस्पेरिया’ची नवी पात्रं आणि जास्तीचा मजकूर असलेली प्लेस्टेशन ३ ची आवृत्ती २००९ मध्येच तयार होती, पश्चिमेच्या हाती ती पडायला २०१९ उजाडलं. माल गोदामात ठेवायचा आणि शेत पिकत नाही म्हणायचं, असा हा प्रकार होता.

टुकार गेम त्या काळात नव्हते असं नाही. ‘द लास्ट रेम्नंट’ एक्सबॉक्सवर अडखळत चालायचा, ‘इन्फिनिट अनडिस्कव्हरी’ आज कुणाला आठवत नाही, आणि जगाला वाचवणाऱ्या पोरसवदा नायकांचा कंटाळा मलाही आला होता. पण कोणत्या पिढीत असे गेम नसतात?

आता मंडनाकडे वळतो. या प्रकाराचं बळ कधीच नुसत्या चित्रांत नव्हतं. पात्रांच्या सहवासात घालवलेला दीर्घ काळ, आणि त्या काळाला गेमने दिलेलं मोल, हे त्याचं बळ. ‘फायनल फँटसी’चे जनक हिरोनोबू साकागुची यांनी स्क्वेअर सोडून मिस्टवॉकर काढली आणि २००७ मध्ये ‘लॉस्ट ओडिसी’ दिला. नायक काइम हजार वर्षं जगलेला, मरण नसलेला माणूस आहे. त्याच्या हरवलेल्या आठवणी मध्येच उलगडतात, आणि त्या क्षणी चार डिस्कवर मावलेला तो खर्चिक गेम सगळा भपका बाजूला ठेवतो. पडद्यावर फक्त मजकूर येतो, मागे हलकं संगीत. या कथा नाओकी पुरस्कारविजेते कियोशी शिगेमात्सु यांनी लिहिल्या, आणि इंग्रजीत आणल्या मुराकामींचे अनुवादक जे रुबिन यांनी. पहिल्याच कथेत एका खानावळीतली जन्मापासून आजारी मुलगी आहे. काइम प्रत्येक मोहिमेवरून परतताना तिला दूरदेशीच्या गोष्टी सांगतो, आणि युद्धातलं क्रौर्य तेवढं गाळतो. या वेळी तो परततो तेव्हा ती शेवटच्या प्रवासाला निघालेली असते. जो मरू शकत नाही त्याने एका लहान मुलीला मरणाबद्दल काय सांगावं, हा प्रश्न कन्सोलच्या कंट्रोलरवर बोट ठेवून वाचताना अंगावर येतो.

दुसरं उदाहरण २०१० च्या ‘निअर’चं. ज्यांना तो पुढे खेळायचा आहे त्यांनी हा परिच्छेद सोडावा. योको तारो यांचा हा गेम पुन्हा पुन्हा खेळल्यावर एक अखेरचा पर्याय समोर येतो: काइने या सोबतिणीला वाचवायचं असेल तर नायकाने आपलं अस्तित्वच द्यायचं. गेम परत परत विचारतो, नक्की का? हो म्हटलंत की तुमच्या डोळ्यांदेखत सामानाची, शस्त्रांची, नकाशाची, पूर्ण केलेल्या कामांची पानं एकेक करून पुसली जातात. सेव्ह फाइली खरोखर जातात. नव्याने सुरुवात करताना तेच नाव घालायला गेलात तर गेम ते घेत नाही. तासन्‌तास गोळा करत राहणं ही या प्रकाराची सगळ्यात थट्टा होणारी सवय. तिलाच त्यागाची किंमत बनवणारी ही कल्पना दुसऱ्या कुठल्या प्रकारात शक्यच नव्हती. समीक्षकांनी तेव्हा त्याची चित्रं जुनाट म्हणून नाकं मुरडली, आणि तो घडवणारी काव्हिया ही कंपनी त्याच वर्षी मिटली. सात वर्षांनी ‘निअर: ऑटोमाटा’ आला तेव्हा जपानी रोल-प्लेइंग गेम परत आला अशी हाकाटी झाली. योको तारो मात्र तेच होते, आणि सेव्ह फाइल सोडून देण्याची मागणीही तीच.

‘पर्सोना ५’च्या स्वागतातही हीच पुनर्जन्माची भाषा होती. पण शाळेचा दिवस, मैत्रीची वाढ आणि संध्याकाळचं भुयार यांचं ते गणित ‘पर्सोना ३’ आणि ‘४’ यांनी २००६ आणि २००८ मध्येच मांडलं होतं, तेही नवी यंत्रं बाजारात असताना जुन्या प्लेस्टेशन २ वर. ॲटलसपाशी हाय डेफिनिशनचा पैसा नव्हता. म्हणून त्यांनी गाव लहान ठेवलं, वर्ष पूर्ण दिलं, आणि ‘४’मधल्या इनाबा गावातला धुक्याचा प्रत्येक दिवस मोलाचा केला.

त्या पिढीचा निवाडा अजूनही टीव्हीवरच्या गेमवरूनच होतो, याला एक साधं कारण आहे. ‘फायनल फँटसी १३’ आज संगणकावर विकत मिळतो. जपानने त्या पिढीत डोक्यावर घेतलेला ‘ड्रॅगन क्वेस्ट ९’ मात्र डीएसच्या त्या छोट्या कार्ट्रिजबाहेर पुन्हा कधी निघालेला नाही. त्याला जोडलेली निन्टेन्डोची ऑनलाइन सेवा मे २०१४ मध्ये बंद झाली, आणि ज्या गर्दीत नकाशे हातोहात फिरत ती गर्दी आता मिटलेली डीएस घेऊन रस्त्यावर हिंडत नाही. स्क्वेअर एनिक्सने आपल्या कोठारातून आधी काय बाहेर काढावं, असं मला कुणी विचारलं तर मी हाच गेम सांगेन.