नावे ठेवायची तर

नावे ठेवणे हा आम्हा मराठी माणसांचा पिढीजात उद्योग. संगणकवाल्यांनी त्यासाठी वेगळे खातेच उघडले आहे हे कळल्यावर मला आधी आपुलकी वाटली होती. या खात्याला ते 'नेमिंग सर्व्हिस' म्हणतात. जावावाल्यांच्या खात्याचे नाव जेएनडीआय. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९७ साली त्याचे बारसे केले.

कल्पना झकास आहे, नाही कोण म्हणतो! अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर म्हणजे एक मोठी चाळ समजा. डेटाबेसची जोडणी, निरोपांची रांग अशी नाना बिऱ्हाडे तिथे नांदतात. कोण कुठल्या खोलीत, हे प्रोग्रामने लक्षात ठेवायचे नाही. जिन्याखालच्या फळ्यावर नाव बघायचे, की माणूस पुढ्यात हजर. उद्या बिऱ्हाड वरच्या मजल्यावर गेले तरी प्रोग्रामला तोशीस नाही.

पण हे सुख चाळीत राहणाऱ्याला. प्रोग्राम लिहिणारा बसलेला असतो बाहेर, एक्लिप्स किंवा नेटबीन्सपुढे. तिथून त्याने साधा प्रोग्राम 'रन' केला, की तो चाळीत शिरत नाही. रस्त्यावर उभा राहून हाका मारतो. उत्तर येते, 'नो इनिशिअल कॉन्टेक्स्ट एक्सेप्शन'. म्हणजे, कुठला फळा हो?

मग सांगत बसा. चाळीचा पत्ता सांगा. दाराचा नंबर सांगा : वेबलॉजिकचा ७००१, जुन्या जेबॉसचा १०९९, मग त्याचाच ४४४७, आणि वाइल्डफ्लाय असे नाव बदलून घेतल्यावर ८०८०. फळा वाचून दाखवणाऱ्या कारकुनाचे, म्हणजे 'फॅक्टरी क्लास'चे, लांबलचक नाव सांगा. तेही दर चाळीत निराळे. शिवाय तो कारकून जार फायलीत घालून तुम्हीच बरोबर आणा! आता मला सांगा, पत्ते पाठ करावे लागू नयेत म्हणून काढलेल्या खात्याने दारातच पत्ता विचारावा? नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा.

एवढे करून आत गेलात तरी 'जावा:कॉम्प' असे गोत्र लावणारी नावे फक्त घरच्यांना दिसतात. आत जो बाळू, त्याला बाहेरून बाळकृष्णपंत म्हणायचे. २००९ च्या जावा ईई ६ ने आतल्या काही नावांना सामाईक रीत घालून दिली, त्याबद्दल आभार. रस्त्यावरच्याचे हाल मात्र तसेच राहिले.

आमच्या ऑफिसात नव्याने लागलेल्या एका मुलीचे दोन दिवस या हाका मारण्यात गेले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सर, मला प्रोग्रामिंग जमतच नाही बहुतेक." माझा खरा राग इथे आहे. तिचा प्रोग्राम चोख होता. दाराचा नंबर तेवढा तिला कुणी सांगितला नव्हता.

यावर जाणकार म्हणतात, "सुरक्षितता असते साहेब!" असेल. पण डिसेंबर २०२१ मध्ये काय उघडकीला आले? लॉगफोरजे या नोंदी लिहिणाऱ्या लायब्ररीतून, कुणा परक्याने नोंदीत स्वतःच्या फळ्याचा पत्ता घुसवला, की प्रोग्राम याच जेएनडीआयमार्फत तिकडे धावायचा आणि तो देईल ते सामान घरात आणायचा. चोराला पायघड्या, घरच्या पोरीला दारात उलटतपासणी!

माझी मागणी फार नाही. एक्लिप्समधूनच सर्व्हर चालू करता येतो, म्हणजे त्याला पत्ता ठाऊक असतो. तो त्याने प्रोग्रामच्या कानात सांगावा. आणि नाव सापडले नाही, तर 'नेम नॉट फाउंड' एवढे बोलून खिडकी बंद करू नये. या या नावाची माणसे आहेत, यांतला कोण हवा, असे विचारावे. आमच्या चाळीतला गुरखासुद्धा एवढे करायचा.

ही मागणी मी ऑफिसातल्या वरिष्ठांपुढे ठेवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "सर्व्हर एकदा रीस्टार्ट करून बघितलात का?"