कॅनडा: ९२ टक्के आश्वासनं पाळली, तरी ट्रुडोंवरचा विश्वास का उडाला?

निवडणुकीत दिलेली ९२ टक्के आश्वासनं पूर्णपणे किंवा अंशतः पाळणारं सरकार लोकांना आवडायला हवं, नाही का? कॅनडात तसं झालं नाही.

जस्टिन ट्रुडो २०१५ मध्ये घवघवीत बहुमताने पंतप्रधान झाले. २०१९ मध्ये, त्यांची पहिली टर्म संपत असताना, कॅनडातल्या अभ्यासकांच्या एका गटाने त्यांची ३५३ आश्वासनं तपासली. निष्कर्ष असा होता की निम्म्याहून थोडी जास्त पूर्णपणे पाळली गेली, ३८ टक्क्यांच्या आसपास अंशतः आणि फक्त ८ टक्के मोडली. कॅनडाच्या आधीच्या अनेक सरकारांपेक्षा ही कामगिरी चांगली होती. पण त्याच वर्षी ट्रुडोंनी बहुमत गमावलं. २०२५ च्या सुरुवातीला तर त्यांना स्वतःच्याच पक्षाच्या दबावाखाली पद सोडत असल्याचं जाहीर करावं लागलं.

मग विश्वास नेमका कशाने जातो? कॅनडाची गोष्ट त्यासाठी समजून घेण्यासारखी आहे.

मोडलेलं एक आश्वासन, जे कुणी विसरलं नाही

कॅनडात भारतासारखीच निवडणूक पद्धत आहे. मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मतं, तो विजयी. २०१५ मध्ये ट्रुडोंच्या लिबरल पक्षाला सुमारे ३९.५ टक्के मतं मिळाली, पण ३३८ पैकी १८४ जागा मिळाल्या. म्हणजे ४० टक्क्यांहून कमी मतांवर पूर्ण बहुमत.

गंमत म्हणजे, या पद्धतीने होणारी ही शेवटची निवडणूक असेल, असं आश्वासन खुद्द ट्रुडोंनीच दिलं होतं. निवडून आल्यावर संसदेची समिती नेमली गेली, देशभर चर्चा झाल्या आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने हा विषय गुंडाळला. एकमत होत नाही, असं कारण देण्यात आलं.

पुढे काय झालं? २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही निवडणुकांत लिबरल पक्षाला कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षापेक्षा कमी मतं मिळाली, तरी जागा जास्त मिळाल्या आणि सत्ता टिकली. जी पद्धत बदलण्याचा शब्द दिला होता, तिनेच ट्रुडोंना दोनदा तारलं. लोकांनी यातून काय अर्थ काढला असेल, हे वेगळं सांगायला नको. जानेवारी २०२५ मध्ये राजीनाम्याची घोषणा करताना ट्रुडोंनी ही पद्धत बदलता न आल्याची खंत बोलून दाखवली.

'आम्ही वेगळे आहोत' हे आश्वासन सर्वांत महाग

३५३ आश्वासनांच्या यादीपलीकडे ट्रुडोंचं एक मोठं आश्वासन होतं: पारदर्शक आणि स्वच्छ कारभार. त्याला दोनदा मोठा तडा गेला.

पहिल्यांदा, २०१६ च्या नाताळात ते कुटुंबासह आगा खान यांच्या खासगी बेटावर सुटीला गेले. आगा खान यांच्याशी संबंधित संस्था कॅनडा सरकारकडून निधी घेत होती. डिसेंबर २०१७ मध्ये तिथल्या नीतिमत्ता आयुक्तांनी ट्रुडोंनी हितसंबंधांविषयीचा कायदा मोडल्याचा निर्वाळा दिला.

दुसऱ्यांदा, एसएनसी-लाव्हालिन या बांधकाम कंपनीवरच्या भ्रष्टाचाराच्या खटल्यात तडजोड व्हावी म्हणून तत्कालीन कायदामंत्री जोडी विल्सन-रेबोल्ड यांच्यावर दबाव आणल्याचं प्रकरण. ऑगस्ट २०१९ मध्ये, निवडणूक दोन महिन्यांवर असताना, आयुक्तांनी ट्रुडोंना पुन्हा दोषी ठरवलं.

शिक्षा काय झाली? काहीच नाही. या कायद्यात दंडाची तरतूद आहे, पण ती माहिती वेळेत जाहीर न करण्यासारख्या चुकांसाठी, तीही जास्तीत जास्त ५०० डॉलर. भेट मिळालेले गॉगल वेळेत जाहीर केले नाहीत म्हणून ट्रुडोंनी २०१८ मध्ये १०० डॉलर दंड भरला. पण कायदामंत्र्यांवर दबाव आणल्याबद्दल एक डॉलरही नाही.

याची दुसरी बाजूही आहे. पंतप्रधानांनीच नियम मोडला, असं एक स्वतंत्र अधिकारी लेखी सांगू शकतो आणि तो अहवाल सगळ्यांना वाचायला मिळतो. शिक्षा देण्याचं काम मग मतदारांवर सोपवलं जातं.

हे फक्त ट्रुडोंच्या बाबतीतच झालं का?

अजिबात नाही. कॅनडाचे मतदार याआधीही कठोर वागलेत.

ब्रायन मलरोनी यांच्या प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने १९८४ मध्ये २८२ पैकी २११ जागा जिंकल्या होत्या. १९९१ मध्ये त्यांनी जीएसटी आणला. १९९३ मध्ये, मलरोनी पायउतार झाल्यानंतर, या पक्षाच्या फक्त २ जागा उरल्या. कारणं अनेक होती, पण जीएसटीवरचा राग त्यातलं एक ठळक कारण होतं.

त्या निवडणुकीत लिबरल पक्षाने जीएसटी हटवून दुसरी व्यवस्था आणण्याचं आश्वासन दिलं. पक्षाच्या नेत्या शीला कॉप्स यांनी तर जीएसटी गेला नाही तर राजीनामा देईन, असं जाहीरपणे सांगितलं. जीएसटी गेला नाही. १९९६ मध्ये उपपंतप्रधान असताना कॉप्स यांनी खरोखरच खासदारकी सोडली, पोटनिवडणूक लढवली आणि पुन्हा निवडून आल्या. लोकांना त्यांचा संताप आला होता, पण शब्दाची किंमत मोजल्यावर त्यांनी स्वीकारलंही. जीएसटी मात्र आजही आहे.

जाहिरात कंत्राटांमधल्या गैरव्यवहाराच्या प्रकरणाने २००६ मध्ये लिबरल पक्षाची सत्ता गेली. तेव्हा स्वच्छ कारभाराच्या घोषणेवर स्टीफन हार्पर सत्तेत आले. पण २०१३ मध्ये त्यांच्याच कार्यालयाच्या प्रमुखाने एका सिनेटरचा वादग्रस्त खर्च फेडण्यासाठी स्वतःच्या खिशातून ९० हजार डॉलरचा धनादेश दिल्याचं उघड झालं आणि त्या घोषणेची चमक उतरली.

मग लोकांनी त्याच पक्षाला पुन्हा का निवडलं?

जानेवारी २०२५ मध्ये जनमत चाचण्यांत कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष २० हून अधिक टक्क्यांनी पुढे होता. मग तीन गोष्टी घडल्या. ट्रुडो बाजूला झाले. डोनाल्ड ट्रम्प यांनी आयात शुल्क आणि '५१ वं राज्य' अशी भाषा सुरू केली. आणि लिबरल पक्षाने कॅनडा व इंग्लंड अशा दोन देशांच्या मध्यवर्ती बँकांचे गव्हर्नर राहिलेल्या मार्क कार्नी यांना पुढे केलं. पंतप्रधान झाल्याच्या दिवशीच कार्नी यांनी सामान्य ग्राहकांवरचा वादग्रस्त कार्बन कर शून्यावर आणण्याचा निर्णय घेतला.

एप्रिल २०२५ मध्ये लिबरल पक्ष सुमारे ४४ टक्के मतं घेऊन जिंकला. बहुमत थोडक्यात हुकलं. विरोधी पक्षनेते पिएर पॉइलिएव्ह यांचा पक्ष ४१ टक्क्यांपर्यंत पोहोचला, पण ते स्वतः मात्र आपल्या मतदारसंघात हरले.

थोडक्यात, लोकांचा पक्षावरचा विश्वास परत आला असं म्हणणं घाईचं ठरेल. संकटात कुणाच्या हाती सुकाणू द्यायचं, एवढाच प्रश्न त्यांनी सोडवला. कार्नी यांच्याही जुन्या कंपनीशी असलेल्या हितसंबंधांवर प्रश्न विचारले जातातच. त्यांना शंभरहून अधिक कंपन्यांशी संबंधित निर्णयांपासून दूर ठेवण्याची व्यवस्था करावी लागली आहे.

आपल्याला याचं काय?

कॅनडात शिकायला जाणाऱ्या, त्यासाठी कर्ज काढणाऱ्या मराठी घरांना याचा थेट फटका बसतो. कॅनडाने २०२५ साठी ५ लाख स्थलांतरितांचं उद्दिष्ट आधी जाहीर केलं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते ३ लाख ९५ हजारांवर आणलं. विद्यार्थी व्हिसांवर मर्यादा आली, खात्यात दाखवायची रक्कम १० हजारांवरून २०,६३५ डॉलरवर गेली आणि लवकर व्हिसा देणारी योजनाही नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली. स्थलांतराच्या बाबतीत आपल्या सरकारकडून चुका झाल्याचं ट्रुडोंनी नंतर मान्य केलं. पण ज्यांनी आधीच्या घोषणेवर विसंबून पैसे भरले, त्यांना त्या कबुलीचा काय उपयोग? शिवाय या लोकांना कॅनडात मतही देता येत नाही.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या नेत्याने किती टक्के आश्वासनं पाळली, अशी पोस्ट तुमच्यासमोर आली, तर टक्केवारीवर थांबू नका. राहिलेली आश्वासनं कोणती होती आणि ती न पाळल्याचा फायदा कुणाला झाला, हे नक्की बघा. कॅनडात ३५३ पैकी मोडलेल्या ८ टक्क्यांनीच सगळं सांगितलं होतं.