जाणाऱ्यांची वही



पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ हा सुमारे एक किलो वजनाचा उपग्रह बनविला. काम २००८ साली सुरू झाले; उड्डाण झाले २२ जून २०१६ रोजी, श्रीहरिकोट्याहून. शिक्षण मात्र चारच वर्षांचे! पाया घालणारी मुले उड्डाणाआधीच पदवी घेऊन बाहेर पडलेली.

आपलीही मुले अशा प्रकल्पांत असतात. वरच्या वर्गातील सोबत्यांना निरोप देताना हार-नारळ, फोटो जरूर व्हावेत. पण त्याआधी त्यांच्याकडून वही भरून घ्यावी. कोणता भाग का बदलला, कोणती चाचणी फसली, हे त्यांनाच ठाऊक. (फसलेले कोणी आपणहून सांगत नाही, हा शिवारातलाही अनुभव.)

मुले सुटीत घरी आली की वहीचे विचारा. आणि जमिनीखालच्या पाइपलाइनीचा नकाशाही आजोबांना विचारून त्यांच्याकडूनच काढून घ्या.