डब्यांतील दम

हल्लीं पुष्कळ घरांच्या फडताळांत च्यवनप्राशाच्या बरणीशेजारीं एक नवा डबा दिसूं लागला आहे. त्याची किंमत ऐकून वडील माणसें कपाळास हात लावतात. ‘प्री-वर्कआउट’ हें त्याचें नांव. व्यायामास निघण्यापूर्वीं अर्धा-पाऊण तास त्यांतील चमचाभर भुकटी पाण्यांत कालवून प्यावी, म्हणजे दम दुपटीनें वाढतो, असें तरुण मंडळी सांगतात. आजोबा म्हणतात, हें विष. नातू म्हणतो, हें शास्त्र. आवाज मात्र चढतात आणि निर्णय कांहींच लागत नाहीं. म्हणून या खेपेस हाच प्रश्न आम्हीं विचारास घेतला आहे. वजनें उचलण्याचा व्यायाम तूर्त बाजूस ठेवूं. धांवणें, पोहणें, सायकल चालविणें, डोंगर चढणें अशा, दमसासाची कसोटी पाहणाऱ्या व्यायामास या भुकटीचा कितपत उपयोग होतो, एवढेंच पाहूं.

प्रथम डब्यावरील बारीक अक्षरें वाचावीं. त्यांत कॅफीन, बीटा-ॲलनीन, सिट्रुलीन, क्रिएटीन अशीं नांवें बहुधा आढळतात. पैकीं घेतल्यावर तासाभरांत दमसासावर खरोखर परिणाम करणारें, असा भक्कम पुरावा ज्याच्या बाजूस आहे तें द्रव्य म्हणजे कॅफीन. तें आपल्या ओळखीचेंच आहे. चहा-कॉफीच्या पेल्यांतून तें आपण रोज घेतच असतों.

नातवाचें म्हणणें निराधार नाहीं, हें आधीं कबूल केलें पाहिजे. १९७८ सालीं अमेरिकेंत डेव्हिड कॉस्टिल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नऊ सायकलपटूंची परीक्षा घेतली. साध्या पेयावर ते सरासरी ७५ मिनिटांत थकले. ३३० मिलिग्रॅम कॅफीन घेतल्यावर ९० मिनिटें टिकले. त्यानंतर असे प्रयोग पुष्कळ झाले. त्यांचें तात्पर्य असें कीं, शरीराच्या दर किलो वजनास ३ ते ६ मिलिग्रॅम कॅफीन सुमारें तासभर आधीं घेतल्यास दमसासाच्या कामगिरींत बहुधा शेंकडा २ ते ४ सुधारणा होते. म्हणजे जो मनुष्य दहा किलोमीटर अंतर एका तासांत धांवतो, त्याचीं एक-दोन मिनिटें वांचतील. शर्यतींत उतरणाऱ्यास हा लाभ मोठा आहे. सकाळीं टेकडीवर जाणाऱ्यास तो जाणवणारहि नाहीं. दुप्पट दमाची गोष्ट मात्र जाहिरातींतच राहते.

आतां हें घडतें कसें? आपण श्रम करितों, जागतों, तसतसें अडेनोसीन नांवाचें द्रव्य मेंदूंत सांचत जातें व ठराविक ठिकाणीं बसून थकव्याची जाणीव उत्पन्न करितें. कॅफीन त्याच जागा आधीं अडवून बसतें. त्यामुळें श्रम तेवढेच होत असतांहि ते कमी वाटतात. समईची वात पुढें सारली म्हणजे ज्योत मोठी होते, पण तेल वाढत नाहीं. तसाच हा प्रकार आहे. कॅफीन शक्ति निर्माण करीत नाहीं. असलेली शक्ति अधिक निःशंकपणें खर्चूं देतें.

या निःशंकपणांत विश्वासाचाहि वांटा असतो. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका इंग्रजी प्रयोगांत सहा सायकलपटूंस कॅफीन मिळेल असें सांगून प्रत्यक्षांत तें मुळींच दिलें नाहीं. थोडें कॅफीन पोटांत गेलें असें वाटल्यावर त्यांचा जोर शेंकडा १.३ नें वाढला, पुष्कळ गेलें असें वाटल्यावर ३.१ नें वाढला, आणि कांहींच दिलें नाहीं असें वाटल्यावर तो १.४ नें घटला. सहाच माणसांवरून सिद्धांत बांधूं नये, हें खरें. तथापि डब्याचा भपकेबाज रंग हाहि एक घटक आहे, असें म्हणण्यास जागा आहे.

इतर द्रव्यांची गोष्ट निराळी. बीटा-ॲलनीन घेतल्यावर अंगास मुंग्या येतात, व ‘औषध लागू पडलें’ असें मुलांस वाटतें. वस्तुतः त्या मुंग्यांचा दमाशीं कांहीं संबंध नाहीं. तें द्रव्य रोज ४ ते ६ ग्रॅम याप्रमाणें कांहीं आठवडे घ्यावें लागतें, आणि त्याचा उपयोग मुख्यतः एक ते चार मिनिटांच्या जोरकस श्रमास होतो. क्रिएटीनहि रोजच्या सेवनानें हळूहळू सांचतें व आंखूड झटक्यांच्या कामास उपयोगी पडतें. लांब धांवण्यास नव्हे.

साध्या बीटाचा रस मात्र आदरास पात्र ठरला आहे. इंग्लंडांतील एक्झिटर येथें २००९ सालीं आठ तरुणांस कांहीं दिवस रोज अर्धा लिटर रस पाजला, तेव्हां जोरानें सायकल चालवितांना ते ५८३ सेकंदांऐवजीं ६७५ सेकंद टिकले. बीटांतील नायट्रेटामुळें तेवढ्याच कामास प्राणवायु कमी लागतो. मात्र हें स्थित्यंतर तोंडांतील सूक्ष्म जंतूंमुळें घडतें. जंतुनाशक पाण्यानें चूळ भरल्यास लाभ बुडतो. कसलेल्या धांवपटूंस तो लाभ कमीच मिळतो.

आतां आजोबांची बाजू. २०१२ च्या लंडन मॅरेथॉनमध्यें शेवटचा मैल उरला असतां एक तीस वर्षांची स्त्री कोसळली व मरण पावली. तिनें पाण्यांत मिसळलेल्या भुकटींत डी-एम-ए-ए हें उत्तेजक होतें. अतिश्रमाशीं त्याचा संयोग होऊन हृदय बंद पडलें असावें, असा निष्कर्ष पुढील वर्षीं चौकशींत निघाला. हें द्रव्य खेळाडूंस २०१० पासून निषिद्ध होतें. भुकटी मात्र विकली जात होती. ज्या डब्यावर घटकांचें मिश्रण नांवानिशीं असतें पण प्रत्येकाचें प्रमाण छापलेलें नसतें, त्याविषयीं वडिलांस वाटणारी शंका वाजवी आहे.

दुसरा अपाय सावकाश होतो, म्हणून लक्षांत येत नाहीं. कॅफीनचा निम्मा अंश रक्तांतून जाण्यास सुमारें पांच तास लागतात. २०१३ च्या एका प्रयोगांत निजण्यापूर्वीं सहा तास ४०० मिलिग्रॅम कॅफीन घेतल्यानें झोंप तासाहून अधिक घटली. सायंकाळीं सहा वाजतां भुकटी पिऊन व्यायामशाळेंत जाणारा मुलगा रात्रीं एक वाजेतों कां जागतो, याचें उत्तर येथें आहे. आणि व्यायामानें झिजलेलें शरीर भरून निघतें तें झोंपेंतच.

सुश्रुत-वाग्भटांनीं व्यायाम अर्ध्या शक्तीनें करावा असें सांगितलें आहे. आधुनिक शर्यतीस तें माप कदाचित् अपुरें पडेल. परंतु त्यामागील विचार टिकाऊ आहे: घाम, तोंडाची कोरड, फुललेला श्वास या देहाच्याच खुणा पाहून कोठें थांबावें तें ठरवावें. त्याच खुणा ही भुकटी झांकून ठेविते. अनुभवी धांवपटू तें ओळखून वापरील. नवशिक्या मुलास तें कसें कळावें?

खरी वाढ कशानें होते तेंहि पाहावें. ‘हेरिटेज’ नांवाच्या प्रयोगांत अमेरिका व कॅनडा येथील कुटुंबांतील ४८१ बैठ्या माणसांनीं, आईबापांनीं व मुलांनीं, वीस आठवडे नियमानें सायकल चालविली. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, त्यांची मिनिटास प्राणवायु वापरण्याची शक्ति सरासरी सुमारें ४०० मिलिलिटरांनीं वाढल्याचें दिसलें. कोणाची फारच थोडी वाढली, कोणाची लिटरभर. पण वाढलें तें समईंतलें तेल होतें.

तात्पर्य, वडिलांनीं डबा फेकूं नये व मुलांनीं तो लपवूं नये. दोघांनीं मिळून त्यावरील कॅफीनचा आंकडा वाचावा. निरोगी प्रौढास दिवसभरांत चहा-कॉफी धरून ४०० मिलिग्रॅम ही मर्यादा मानली जाते. आंकडा छापलेला नसेल तर डबा दुकानांत परत द्यावा. शाळकरी मुलांस, गर्भवतींस, तसेंच रक्तदाब वा हृदयाची तक्रार असणाऱ्यांस तो देऊंच नये. शर्यतीस उतरणाऱ्या प्रौढानें सकाळीं कडक कॉफीचा एखादा-दुसरा पेला घेऊन पाहावा, आणि तोहि सरावाच्या दिवशीं, शर्यतीच्या नव्हे. उरलेल्या पैशांत धांवण्याचे चांगले जोडे येतील.