त्वरितेच्या गावाहून

दोन दूरच्या शहरांमधले हवाई अंतर किती आणि ते कापण्यास वेळ किती, अशी पृच्छा केली असता हल्ली उत्तर मोठे नेमके मिळते: मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर; विमानाचा वेग तासाला साडेआठशे-नऊशे; पश्चिमेस जाताना उंचावरचा वारा समोरून येतो म्हणून नऊ-दहा तास, आणि परतताना तोच पाठीशी लागतो म्हणून तासभर कमी. हिशेब निर्दोष आहे. वैगुण्य इतकेच, की तो विमानतळाच्या दारापाशी सुरू होतो आणि त्या दारापर्यंतची सारी वाटचाल किरकोळीच्या सदरी टाकून मोकळा होतो.

गेवराई तालुक्यातील तलवाडा हे त्वरिता देवीचे स्थान. जिच्या नावातच त्वरा, तिच्या गावाहून विमान गाठायचे म्हणजे आधी गेवराई, मग धुळे-सोलापूर महामार्गाने शहागडला गोदावरी ओलांडून छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणे. विमान घड्याळाच्या काट्यावर सुटते. काळी-पिवळी जीप मात्र भरल्यावाचून हलत नाही, आणि ती केव्हा भरेल हे सांगण्याचा अधिकार तिच्या चालकासही नाही.

१ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली मोटार पुण्याहून नगरला गेली आणि ८ जूनला एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो-जिनीव्हामार्गे लंडनला निघाले. आठवडाभराच्या अंतराने घडलेल्या या दोन्ही प्रस्थानांच्या वेळी तलवाडा निजामाच्या अमलाखालीच होते. पुढे त्याच नगरहून बीडमार्गे परळीपर्यंतचा २६१ किलोमीटरचा लोहमार्ग १९९५ साली मंजूर झाला, आणि त्यावरील गाडी बीडला पोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिनी; म्हणजे मंजुरीच्या कागदापासून मोजल्यास वर्षाला साडेपाच-सहा किलोमीटर हा तिचा सरासरी वेग. समोरून वारा होता, अशी सबब मात्र येथे कोणी पुढे केल्याचे ऐकिवात नाही.

परंतु खरा दूरचा प्रवास बीड जिल्ह्यात निराळाच असतो. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन सांगली-कोल्हापूरकडे ऊसतोडीला निघणारे नवरा-बायको, ज्यांची धंद्याच्या दप्तरी गणती ‘एक कोयता’ अशी होते, ते भांडीकुंडी, चिल्लीपिल्ली आणि पाल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत रचून वाट धरतात. विमानाच्या वेगाने पाहता ते अंतर अर्ध्या तासाच्या आतले. जाऊन माघारी येण्यास त्यांना लागतात पाच-सहा महिने, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, आणि तेवढ्यानेही उचल फिटली नाही तर पुढला हंगाम. याला प्रवासाचा वेळ म्हणावे की कर्जाची मुदत, एवढे कोष्टके करणाऱ्यांनी एकदा ठरवावे. तासांची बेरीज मग सावकाश करता येईल.