खादाड कोण, ब्रॉयलर की आपण?

रविवारी मेसमध्ये चिकनसाठी जी रांग लागते ती लेक्चरला लागली असती, तर डिफॉल्टर लिस्ट लावायची वेळच आली नसती! या रांगेत एक डायलॉग हमखास ऐकू येतो : "ब्रॉयलर म्हणजे नुसता खा-खा करणारा मूर्ख पक्षी." मला हे अजिबात पटत नाही. (मराठी कॉन्व्हेंटमधलं आहे, सांभाळून घ्या.)

पिल्लू खाणार की थांबणार, हे मुख्यतः मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये ठरतं. तिथे न्यूरोपेप्टाइड वाय हे रसायन वाढलं की पिल्लू दाण्यांवर तुटून पडतं. सेरोटोनिन ब्रेक लावतं. कंट्रोल सिस्टीम्स झालेल्यांना वेगळं सांगायला नको, हा सरळ फीडबॅक लूप आहे. पण आपल्या लूपची झेरॉक्स नव्हे हं! १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांना उंदराच्या जठरात घ्रेलिन सापडलं. ते उंदराची आणि माणसाची भूक वाढवतं. तेच पिल्लाच्या मेंदूत टोचलं, तर पिल्लू कमी खातं. साइनच उलटी! वाचून मी तर उडालेच.

आता खरी गोष्ट. अमेरिकेत व्हर्जिनिया टेकमध्ये पॉल सीगल यांनी १९५७ साली एकाच मूळ कळपातून कोंबड्यांची दोन घराणी सुरू केली. दर पिढीत ५६व्या दिवशी वजन करायचं. एका घराण्यात जड पक्षी पुढे न्यायचे, दुसऱ्यात हलके. बस्स, निवड फक्त वजनावर. भुकेला कुणी हातही लावला नव्हता. पण चाळीसेक पिढ्यांनंतर वजनात आठपटींहून जास्त फरक पडला, आणि भूकही बदलून बसली. हलक्या घराण्यातली काही पिल्लं समोर दाणे असूनही खात नाहीत, मरून जातात. जड घराण्यातली थांबतच नाहीत. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोन्हींच्या मेंदूतला 'पुरे' म्हणणारा भाग निकामी केला. हलके पक्षी खाऊन खाऊन लठ्ठ झाले. जड पक्ष्यांना काही फरकच पडला नाही. म्हणजे त्यांचा ब्रेक आधीच गेलेला होता!

बाजारातल्या ब्रॉयलरचंही तेच. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठाने १९५७ची आणि २००५ची जात एकाच खाद्यावर वाढवली. ५६व्या दिवशी जुनी ९०५ ग्रॅम, नवी ४२०२ ग्रॅम.

पण या ब्रॉयलरचे आईबाप? त्यांना अंडी देण्यासाठी महिनोन्‌महिने जगायचं असतं. पोटभर दिलं तर ते लठ्ठ होतात, अंडी घटतात, लवकर मरतात. म्हणून त्यांना मोजूनमापून खाद्य देतात, आणि मेंदू मात्र "भूक, भूक" ओरडत राहतो. कापून खाणं हा वेगळा वाद, मी स्वतः खाते. पण भूक आपणच वाढवायची आणि वर उपाशी ठेवायचं, हे मला क्रूर वाटतं. आपण प्रोजेक्टमध्ये एकच पॅरामीटर धरून डिझाइन केलं तर सर व्हायवात सोलून काढतात. इथे व्हायवा कुणी घेतला?

हळू वाढणाऱ्या जाती आहेत, फक्त महाग पडतात. मेस कमिटीने महिन्यातून एक रविवार गावठी कोंबडी आणून बघावी. बिल वाढेल, पीस लहान येतील, रांगेत शिव्याही पडतील. माझ्या वाटचे जादा पैसे मी आधीच भरायला तयार आहे.